ऑपरेशन थिएटरचं (ओटीचं) दार: उघडण्यापेक्षा बंद होणं महत्त्वाचं

म्हणतात की ओटीच्या स्वयंचलित दाराचा फायदा म्हणजे हात लावावा लागत नाही. खरं आहे, पण तो अर्धाच फायदा झाला. ओटीतली हवा बारीक कण आणि जंतू अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून येते आणि आतला दाब कॉरिडॉरपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे हवा आतून बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये. एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हा फरक किमान 2.5 पास्कल आणि तासाला किमान 20 वेळा हवा बदलणं धरलंय. 2.5 पास्कल म्हणजे अगदी नाजूक फरक, दार उघडं राहिलं की संपलाच. म्हणून चांगलं हर्मेटिक (हवाबंद) दार नुसतं सरकत नाही, शेवटच्या टप्प्यात खाली आणि चौकटीकडे दाबलं जातं, आणि रबरी गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) चारही बाजूंनी, जमिनीलासुद्धा, घट्ट बसतं. दार घेताना हे गॅस्केट आधी तपासा.

मी हॉस्पिटलच्या उपकरणांच्या देखभालीत काम करते. एका ठिकाणी कॉरिडॉरच्या बाजूला मोशन सेन्सर लावला होता. नुसती ट्रॉली गेली तरी दार उघडायचं, तेही सांधेरोपण चालू असताना! तिथे हात अगदी जवळ नेल्यावरच चालणारा सेन्सर बसवून घेतला. सोबत अर्धं उघडण्याची सोयही घ्या. एकट्या सिस्टरला आत यायला पूर्ण दार कशाला उघडायचं? पूर्ण दार फक्त स्ट्रेचरसाठी.