दर्यापूरहून इमॅजिका: 9 जण, सोबत आई आणि 4 वर्षांचं लेकरू. कसं जमवावं?

खारपाण_पट्टा
गाव दर्यापूर तालुक्यात. जायचे 9 जण: सहा मोठे, त्यात आई 68 वर्षांची (गुडघे दुखतात, बीपीची गोळी सुरू आहे), आणि मुलं 13, 9 व 4 वर्षांची. खोपोलीचं इमॅजिका (राइडचं मोठं थीम पार्क) पोरांना एकदा दाखवायचंच आहे. मे महिन्यात जावं की जूनमध्ये? रेल्वेनं की समृद्धी महामार्गानं गाडी घेऊन? थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात होतं का? तिकिटाचा खर्च मोठा आहे, तेव्हा सगळा दिवस रांगेत जाऊ नये एवढी इच्छा आहे.

बडनेरा_जंक्शन
भाऊ, म्हाताऱ्या माणसासोबत रेल्वेच बरी. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळनंतर बडनेरा, अकोला करत जाते आणि पहाटे कल्याणला पोचते. तिथंच उतरा, मुंबईपर्यंत जाऊन परत येण्यात अर्थ नाही. कल्याणहून कर्जत-खोपोलीकडे लोकल आहे. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेनं असते, तुम्ही उलट्या दिशेनं जाणार, म्हणून सामान घेऊन बसायला जागा मिळते. थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत. ती चुकली तर कर्जतपर्यंत जा आणि तिथं गाडी बदला. खोपोली स्टेशनाबाहेरून रिक्षा किंवा जीप.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 5 वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही. 5 ते 12 मधल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. 9 वर्षांच्याला रात्रभर कुणाच्या तरी बर्थवर कोंबू नका, पूर्ण तिकीट काढा. आईसाठी खालचा बर्थ मागताना वय बरोबर भरा.

ज्या सकाळी उतराल त्याच दिवशी पार्क ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो. रात्री गाडीत अर्धवट झोप झालेली असते, आणि पोरगं दुपारी तीनला खांद्यावर झोपतं. तो दिवस आईला द्या. महडचा वरदविनायक खोपोलीच्या जवळच आहे, आणि इमॅजिका ज्या खोपोली-पाली रस्त्यावर आहे त्याच रस्त्यानं पुढं, खोपोलीपासून साधारण 40 किलोमीटरवर पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती आरामात होतात. मुक्काम खोपोलीत, पार्क दुसऱ्या दिवशी.

समृद्धी 5 जून 2025 पासून नागपूर ते आमणे पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे, पण आमण्यानंतर भिवंडी-कल्याण-पनवेलचा रस्ता सकाळी जाम असतो. गाडीच न्यायची असेल तर टायर जुने नकोत आणि चालवणारे दोघं हवेत. सरळ रस्त्यावर डुलकी लागते.

सहलप्रमुख
तारखेचं आधी. मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्राला सुट्टी, म्हणून शनिवार-रविवार टाळाच. आपल्याला एक फायदा आहे: विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. 2025 मध्ये बाकी राज्यात 16 जूनला, आपल्याकडे 23 जूनला उघडल्या. मधल्या आठवड्यातला मंगळवार ते गुरुवार सगळ्यात मोकळा. पण तेव्हा खोपोलीला पाऊस असतो, आणि जोराच्या सरीत किंवा विजा चमकत असताना उघड्यावरच्या राइड थांबवतात. शिवाय आपल्याकडे पेरणी. पेरणीचं नक्की नसेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यातला मधला वार धरा. कोकणातला घाम आपल्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त थकवतो, ओआरएसची पाकिटं ठेवा.

आता उंची. लहान मुलांचं तिकीट इथं वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि राइडची परवानगीही उंचीवरच. घरीच अनवाणी भिंतीला उभं करून तिघांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या, पार्कच्या वेबसाइटवरच्या यादीशी ताडून पाहा आणि कोणाला काय मिळणार नाही ते निघायच्या आधी सांगून टाका. एक सेंटिमीटर कमी असला तरी सोडत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. खांद्यावरून येणारा लोखंडी हार्नेस मोठ्या अंगासाठी बनवलेला असतो. लहान शरीर त्यातून सरकू शकतं.

क्रम असा लावा. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. आत शिरल्यावर गर्दी पहिल्याच राइडला थबकते. तुम्ही सरळ नायट्रोकडे जा. हा साधारण 40 मीटर उंचीचा, पायाखाली फळी नसलेला रोलरकोस्टर. पाच वेळा उलटं करतो, वेग ताशी शंभरच्या वर. 13 वर्षांच्याला सोबत एक मोठा द्या, बाकीच्यांनी आग्रह करू नका. लगेच स्क्रीम मशीन आणि डी टू ही वरून खाली सोडणारी राइड, कारण या तिन्ही उघड्यावर आहेत आणि अकरानंतर ऊन व रांग दोन्ही वाढतात.

12 ते 4 छताखाली राहा: डीप स्पेस (अंधारातला कोस्टर), अलिबाबा, सलीमगड, आय फॉर इंडिया. सलीमगडमध्ये अंधार आणि दचकवणारी माणसं, 4 वर्षांच्याला नेऊ नका. जेवण साडेअकराला किंवा अडीचला करा, एक वाजता हॉटेलांपुढेही रांग असते. जेवल्यावर पाऊण तास गोल फिरणारं काही नको. सिम्युलेटरमध्ये (पडद्यासमोर खुर्ची हलवणारी राइड) डोळ्यांना वेग दिसतो आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला तो जाणवत नाही, म्हणून मळमळतं. असं झालं तर पडद्यावरून नजर काढून समोरच्या सीटकडे बघा.

राजासॉरसची पाण्याची राइड शेवटी, चारच्या पुढं. कपडे भिजतातच. सकाळी केली तर ओल्या मोज्यांनी दिवसभर चालून टाचेला फोड येतात. पोरांना एक सांगा: राजासॉरस हा खरा भारतीय डायनासोर, नर्मदेच्या खोऱ्यात सापडला. आणि त्याच थरातला लांब मानेचा इसिसॉरस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला मिळाला. ती राइड मग त्यांना घरची वाटते.

संत्रा_बहार
दादा, नऊ जनाईनं एकत्र फिरू नका, म्हंजे एका पोरासाठी आठ जन उन्हात उभे. दोन टोळ्या करा. मोठ्या पोराची एक, लहान लेकराची अन् आईची एक. मोबाइल लॉकरमधी ठेवा लागते, म्हून फोन लागन या भरोशावर राहू नका. घोड्याच्या चक्रापाशी, मॅजिक कॅरोसेलजवळ, दीड वाजता भेटाचं असं आधीच ठरवा. टबी टेक्स ऑफ अन् कॅरोसेल लहान्यासाठी मस्त.

कपडे: बायकाईले सलवार-कुर्ता, ओढणी घरी ठेवा नाहीतर गाठ मारून आत खोचा. चप्पल नको, पट्ट्याचा सँडल पायजे. चष्मा, पाकीट, गळ्यातली पोत लॉकरमधी. सीटचा पट्टा टककन बसला पायजे. नाई बसला तर पोट दाबून बसवाची जिद्द करू नका, उतरून जा.

बाहेरचं खानं आत नेऊ देत नाई. नाश्ता आठ वाजता पोटभर करा. बीपीची गोळी अन् लेकराचं औषध चिठ्ठीसकट आईच्या पिशवीत ठेवा.

खारपाण_पट्टा
फार उपयोगी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. रेल्वेच ठरली. आई काय-काय करू शकेल? आणि वॉटर पार्कचं?

सहलप्रमुख
आईंसाठी कॅरोसेल, बसून पाहायचे कार्यक्रम, संध्याकाळची परेड. आय फॉर इंडियामध्ये खुर्ची वर उचलली जाते, पाय लटकतात. बीपी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. परेडच्या अर्धा तास आधी रस्त्याकडेची सावलीतली जागा धरा.

वॉटर पार्क त्याच दिवशी करू नका. तिकीट वेगळं आहे आणि सुती कपड्यांनी पाण्यात जाऊ देत नाहीत: सुती धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजलेला कपडा घसरगुंडीवर अंग अडकवतो. नायलॉनचे कपडे लागतील. ते भाड्यानं घेण्यापेक्षा अकोल्याहून घेऊन जा. दोन्ही करायचंच असेल तर एक मुक्काम वाढवा आणि वॉटर पार्क दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, म्हणजे रात्रीच्या परतीच्या गाडीआधी कपडे वाळवायला वेळ राहतो.

बडनेरा_जंक्शन
परतीसाठी कल्याणची वेळ ठरवताना खोपोलीहून किमान तीन तास हातात ठेवा. दुपारनंतर खोपोली-कर्जत गाड्यांमधलं अंतर जास्त असतं.