उष्णतारोधनाचा हवामान-लाभ मोजताना नावे बाजू का गाळली जाते?

मूळ मत

भिंतींना उष्णतारोधक थर दिल्याने घराचे कार्बन उत्सर्जन घटते, हे मला मान्य आहे. परंतु हा हिशेब मांडताना वाचलेली ऊर्जा जमा बाजूला लिहिली जाते आणि थर तयार करताना झालेले उत्सर्जन नावे बाजूला येतच नाही. थरासाठी वापरला जाणारा काही प्रकारचा फेस (फोम) फुगवण्यासाठी वापरलेला एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो आणि तो फेसातून वर्षानुवर्षे झिरपत राहतो. शिवाय जाडी वाढवली की लाभ त्याच प्रमाणात वाढत नाही. ज्या भिंतीचे यू-मूल्य (तिच्यातून उष्णता किती सहज जाते याचे माप) २ आहे तिला ०.०४ उष्णतावाहकतेच्या, म्हणजे उष्णता फारच कमी वाहू देणाऱ्या, पदार्थाचा ५ सेंटिमीटर थर दिल्यास तिच्यातून जाणारी उष्णता सुमारे ७१ टक्क्यांनी घटते. थर १० सेंटिमीटर केल्यास घट ८३ टक्क्यांपर्यंतच पोहोचते, मात्र पदार्थाचे उत्सर्जन दुप्पट होते.

प्रतिसाद १ (असहमत)

आपण उदाहरणासाठी सर्वांत वाईट पदार्थ निवडला आहे. २०१६ मध्ये मॉन्ट्रियल करारात झालेल्या किगाली दुरुस्तीनंतर एचएफसी गटातील वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवला जात आहे, खनिज लोकरीत (दगड किंवा काच वितळवून केलेल्या तंतूंच्या थरात) असा वायू नसतोच आणि जुन्या वर्तमानपत्रांपासून केलेल्या सेल्युलोजचे उत्पादन-उत्सर्जन फारच कमी असते. आपल्याच आकड्यांनुसार पहिला थर ७१ टक्के काम करतो. मग नावे बाजूची इतकी भीती घातल्यास लोक तोही देणार नाहीत, आणि थराविना राहिलेल्या भिंतींतून होणारे नुकसान दरवर्षी चालूच राहील.

मूळ लेखकाचे उत्तर

पहिल्या थराला माझा विरोध नाही, अतिशयोक्त दाव्यांना आहे. वीज हळूहळू स्वच्छ होत असताना आजचाच उत्सर्जन-गुणांक (विजेच्या एका युनिटमागे होणारे उत्सर्जन) पुढील तीस वर्षांना लावला, तर बचत फुगते. काम झाल्यावर लोक खोली अधिक उबदार किंवा अधिक थंड ठेवू लागतात, त्यामुळे कागदावरची बचत मीटरवर पूर्ण उतरत नाही. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या मीटर-नोंदी, दोन्ही वर्षांच्या हवामानातील फरक वजा करून, ताडून पाहिल्याशिवाय कोणताही आकडा जाहीर करू नये.

प्रतिसाद २ (अंशतः असहमत)

मीटरचा आग्रह योग्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो. ज्या कुटुंबाला आजवर एकच खोली कशीबशी गरम ठेवता येत होती, त्याने आता दोन खोल्या गरम ठेवल्या तर मीटरवर बचत शून्य दिसेल; तरीही तेवढीच ऊब थराविना मिळवण्यासाठी किती इंधन जळाले असते, ही तुलना आपल्या पद्धतीत कुठेच येत नाही.