फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस): कुठल्या पद्धतीचा उभा करावा?

उद्यमबाग_एनपीडी
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप आणि मच्छेत ओतकामाची फाउंड्री, मिळून १८० माणसं. ग्राहक ट्रॅक्टर, पंप आणि हायड्रॉलिकवाले. सध्या २२ नवे पार्ट डेव्हलपमेंटला आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगवेगळ्या माणसाच्या एक्सेलमध्ये पडलीय. मालकांनी दिवाळीपर्यंत पीएमओ सुरू करा म्हणून सांगितलंय. सपोर्टिव्ह, कंट्रोलिंग, डायरेक्टिव्ह हे तीन प्रकार वाचून झालेत. आमच्यासारख्या ठिकाणी कुठला चालेल? माणसं किती लागतील, ती कोणाच्या हाताखाली ठेवावीत, आणि सॉफ्टवेअर आधी घ्यावं का?

गेट_रिव्ह्यू
कंट्रोलिंग घ्या, म्हणजे ठरलेली पद्धत पाळायला लावणारा. सपोर्टिव्ह पीएमओ फॉर्म देतो आणि विचारलं तर मदत करतो. २२ पार्ट तुंबलेले असताना त्याला विचारायला कोणी येत नाही. डायरेक्टिव्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर पीएमओचेच असतात, म्हणजे टूलिंग आणि क्वालिटीतली चांगली माणसं काढून घ्यावी लागतात, आणि १८० जणांच्या कंपनीत त्या खुर्च्या मग रिकाम्याच राहतात.

पण कंट्रोलिंग म्हणून प्रत्येक कागदावर सही मागत बसू नका. मालकांच्या सहीचं एक पानी पत्र काढा आणि त्यात पीएमओला दोनच हक्क लिहून द्या.

पहिला हक्क ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा. ग्राहक नवी रिव्हिजन मार्केटिंगला मेल करतो, पॅटर्नवाल्याकडे (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याकडे) जुनीच असते, आणि चूक कळते ती सॅम्पलचा लेआउट काढल्यावर, म्हणजे सगळी मापं घेतल्यावर. तोवर पॅटर्न, कोअर बॉक्स (पार्टमधल्या पोकळीसाठी लागणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा), फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडायचं साधन) सगळं तयार झालेलं असतं. म्हणून पीएमओचा शिक्का आणि तारीख नसलेल्या ड्रॉइंगवर टूलिंगची पीओ (खरेदी ऑर्डर) निघता कामा नये. रिव्हिजन बदलली की जुन्या प्रती परत घ्यायच्या, बाहेरच्या पॅटर्न शॉपमधल्यासुद्धा.

दुसरा हक्क मशीनच्या वेळेचा. आठवड्यातून एक ठरलेली शिफ्ट, एक ठरलेली व्हीएमसी (उभं सीएनसी मशीन), फक्त सॅम्पलसाठी. हे लिहून नसेल तर महिनाअखेरीला डिस्पॅच जिंकणार आणि सॅम्पल मागे पडणार. प्रोडक्शन मॅनेजरचा त्यात दोष नाही, त्याला टनेजचा, म्हणजे किती टन माल निघाला याचा, जाब द्यावा लागतो.

गेट, म्हणजे थांबून तपासायचे टप्पे, पाच पुरेत: फीजिबिलिटी, टूलिंग रिलीज, पहिलं सॅम्पल, पीपॅप (उत्पादन सुरू करायला ग्राहकाची मंजुरी), हँडओव्हर. ‘९० टक्के झालं’ हा शेरा बंद करा, गेट पास किंवा नापास एवढंच लिहा. सॅम्पलचं गेट पास म्हणजे ड्रॉइंगवरचं प्रत्येक बलून (नंबर दिलेलं माप) मोजून रिपोर्टवर आलेलं. हँडओव्हर म्हणजे पहिल्या तीन लॉटचं रिजेक्शन ठरलेल्या मर्यादेत.

पीपॅपबद्दल एक गोष्ट पीओच्या वेळीच लेखी घ्या. ग्राहकाने वेगळं सांगितलं नाही तर लेव्हल ३ (सॅम्पलसोबत सगळी कागदपत्रं) धरतात आणि सलग किमान ३०० नगांचा प्रोडक्शन रन लागतो. ज्या हायड्रॉलिक बॉडीचे वर्षाला दोनशे नगच जातात, तिथे ही अट कमी करून घेतली नाही तर फाइल कायम अर्धवट राहते.

भट्टीजवळ
वरचं बरोबर आहे, पण मशीनसारखी शिफ्ट फाउंड्रीत राखून चालत नाही. तिथे ग्रेड बघावी लागते. ८ किलोचे ५ सॅम्पल, यील्ड (ओतलेल्या धातूपैकी पार्टमध्ये जाणारा भाग) ६० टक्के धरली तर साधारण ६७ किलो धातू लागतो. ५०० किलोच्या भट्टीत एवढ्यासाठी वेगळी हीट (धातू वितळवायची एक फेरी) कोणी लावणार नाही. एफजी २६० (ग्रे आयर्न) चालू असताना एसजी ४००/१५ चं (डक्टाइल आयर्नचं) सॅम्पल ओतता येत नाही, आणि घाईत ओतलंच तर मायक्रोस्ट्रक्चरमध्ये (धातूच्या सूक्ष्म रचनेत) फसतं.

म्हणून पीएमओने फाउंड्रीकडे तारीख मागायची नाही, ग्रेडवार हीट प्लॅन मागायचा. शनिवारी पुढच्या आठवड्याचा प्लॅन हातात आला की त्याच ग्रेडच्या नेहमीच्या पार्टमागे सॅम्पलचे साच्याचे बॉक्स लावायचे. कोअर आदल्या दिवशी तयार आहेत का, हे पीएमओने स्वतः जाऊन बघावं. सॅम्पल चुकतं ते बहुतेक कोअरपायी.

उद्यमबाग_एनपीडी
हीट प्लॅनचं डोक्यातच आलं नव्हतं, साहेब. माणसांचं आणि सॉफ्टवेअरचं पण सांगा की. क्वालिटी हेडच पीएमओ सांभाळतो म्हणतायत.

खानापूर_रोड
क्वालिटी हेडकडे देऊ नका. पीपॅपची फाइल तेच बनवतात, मग आपल्याच कामाचं गेट तेच पास करणार. प्लांट हेडकडेही नको, टनेज त्यांचंच. थेट मालकांच्या हाताखाली ठेवा. २२ पार्टना एक पूर्णवेळ पीएमओ प्रमुख आणि एक कोऑर्डिनेटर पुरतात, बाकीचे इंजिनिअर आपापल्या खात्यातच राहू देत. प्रमुख असा बघा की ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि शॉपमध्ये कन्नड, मराठी दोन्ही बोलता येतात. नुसता कॉम्प्युटरवर हुशार असलेला माणूस इथे टिकत नाही.

पहिले सहा महिने सॉफ्टवेअर घेऊ नका. एकच शेअर केलेली शीट, २२ ओळी, पाच गेटचे कॉलम, आणि तारीख बदलायचा हक्क फक्त कोऑर्डिनेटरला. मूळ तारीख पुसायची नाही, शेजारी नवी लिहायची आणि कारणही लिहायचं. दोनएक महिन्यांत तीच तीन-चार कारणं परत परत दिसू लागतात, आणि मालकांसमोर ठेवायला त्याहून चांगला कागद नाही. शॉपमधल्या बोर्डवर वाक्यं नकोत. पार्ट नंबर, गेट नंबर, लाल-हिरवा रंग. हे कोणत्याही भाषेच्या माणसाला वाचता येतं.

आढावा बुधवारी, ४५ मिनिटं, फक्त लाल ओळींवर. पॅटर्न कोल्हापूरकडून येत असतील तर गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत तारीखच धरू नका, तिकडची दुकानंही बंद असतात.

आणि अकाउंट्सला त्या शीटवर घ्या. टूलिंगची उरलेली रक्कम बहुधा सॅम्पल मंजुरीवर मिळायची असते, पण मंजुरीचा मेल एनपीडीकडे (नवे पार्ट डेव्हलप करणाऱ्या खात्याकडे) पडून राहतो आणि बिल निघत नाही. गेट ३ पास झालं की त्याच दिवशी बिल, असा कॉलम ठेवा.

उद्यमबाग_एनपीडी
पत्राचा मसुदा उद्या मालकांना देतो. २२ पैकी पाच पार्टच्या पीओत पीपॅपची लेव्हलच लिहिलेली नाही. त्या ग्राहकांना आधी विचारू की शीट भरून घेऊ?

गेट_रिव्ह्यू
आधी विचारा. उत्तर यायला आठवडा सहज जातो, शीट तेवढ्यात भरून होते.