प्रीमियम कार्डाचा प्रवास विमा : भरवसा ठेवावा का?

तळटीप
जबर वार्षिक फी असलेलं क्रेडिट कार्ड घेताना माणसं विमानतळावरचं लाउंज, पॉइंट, हॉटेलचं अपग्रेड यांचा हिशेब चोख करतात. विम्यापाशी आली की मात्र "तो काय, फुकटच आहे" म्हणून पान उलटतात. माझं म्हणणं उलटं आहे. लाउंजवर एवढं डोकं खपवू नका, विम्याचं पत्रक आधी वाचा.

त्यात सगळ्यात मोठा आकडा कशाचा आहे ते बघा. बहुतेक वेळा तो अपघाती मृत्यूचा असतो. तोही विमान, रेल्वे, जहाज अशा तिकीट काढून बसायच्या वाहनात अपघात झाला तर, आणि तिकीट त्याच कार्डाने काढलेलं असलं तर. ते पैसे वारसांना मिळणार. प्रवासात माणसाला खरोखर जे होतं, म्हणजे पाय घसरून हाड मोडणं, अपेंडिक्स, छातीत कळ, त्याचा आकडा शोधावा लागतो. काही कार्डांवर तो नसतोच. काहींवर रुग्णाला विमानाने हलवायची मर्यादा भलीमोठी आणि दवाखान्यातल्या उपचारांची तिच्यापुढे किरकोळ. हलवणार थाटात, बिल तुमचं तुम्ही भागवा!

मोजपट्टी हवी असेल तर शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो) घ्या. तिथे किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. तुमच्या कार्डावरचा उपचारांचा आकडा तेवढाही भरत नसेल, तर त्याला विमा म्हणून जमेत धरू नका. कार्ड सवलतींसाठी ठेवा, विमा वेगळा काढा.

कोणाचं वेगळं मत असेल तर ऐकायला आवडेल.

उडाणटप्पू
साफ असहमत.

विमा म्हणजे फक्त दवाखाना असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. सतत फिरणाऱ्याला विचारा, जास्त वेळा काय होतं. विमान लटकतं, पुढचं विमान चुकतं, बॅग मागे राहते. माझं एकदा जोडविमान चुकलं. मी एका देशात, बॅग दुसऱ्याच. रात्रीचं हॉटेल, टॅक्सी, दोन शर्ट, दाढीचं सामान, सगळ्याच्या पावत्या जोडून पाठवल्या आणि पैसे आले. वेगळा हप्ता भरला नव्हता.

आणि भाड्याची गाडी? काउंटरवरचा माणूस दर दिवसाच्या हिशेबाने गाडीच्या नुकसानीचं संरक्षण गळ्यात मारतो. कार्डाचा विमा 'प्रायमरी' असेल, म्हणजे आधी तुमच्या स्वतःच्या पॉलिसीकडे जावं लागत नसेल, तर तिथेच नाही म्हणायचं. आठवडाभराची गाडी दोनदा घेतलीत तर फीतला बराच भाग तिथेच वसूल. हे तुमच्या हिशेबात कुठेच नाही, तळटीपराव.

दावेदार
क्लेमच्या टेबलापलीकडे बसतो, म्हणून थोडं.

उडाणटप्पू यांचे पैसे आले ते पावत्यांमुळे. तसे सगळ्यांचे येत नाहीत. विलंबाला तासांची अट असते. कुठे सहा, कुठे बारा. सहाची अट असेल आणि विमान पाच तास पन्नास मिनिटांनी सुटलं तर हातात शून्य. उशिराचं कारण लिहिलेलं विमान कंपनीचं पत्र लागतं. ते महिन्याने मागायला गेलात तर कोणी दाद देत नाही, गेटवर असतानाच मागा.

बॅगेचं तर विचारूच नका. बॅग आली नाही की पट्ट्याशेजारच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा आणि मगच विमानतळ सोडायचा. लोक थकलेले असतात, उद्या बघू म्हणून निघून जातात. माँट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) बॅगेचं नुकसान झालं असेल तर ७ दिवसांत आणि बॅग उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत विमान कंपनीला लेखी कळवावं लागतं. कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (आधी १,२८८ होती, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). कार्डाचा विमा सहसा त्याच्या वरचा फरक देतो. विमान कंपनीकडे न जाता थेट आमच्याकडे आलेला अर्ज आम्ही आधी तिकडे पाठवतो. मग पत्रापत्री.

गाडीबद्दल: कंपनीचं संरक्षण घेतलंत की कार्डाचं बहुधा गेलं, दोन्ही एकदम चालत नाही. करारात नाव नसलेला मेहुणा गाडी चालवत होता? गेलं. आणि मिळतं ते त्या भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं. समोरच्याला लागलं, त्याची गाडी चेपली, तर कार्ड त्यात नाही. उडाणटप्पू, काउंटरवर सगळ्यालाच नाही म्हणून येऊ नका.

उडाणटप्पू
मान्य, समोरच्याच्या नुकसानीचं वेगळं घ्यावंच लागतं. पण बाकी जे सांगितलंत ती शिस्त झाली. वेगळी पॉलिसी काढली म्हणून कोणी पावतीशिवाय पैसे देतं का?

दावेदार
नाही देत. तेवढं खरं.

हिशेबनीस
विम्यावरून हाणामारी चाललीय, पण सवलतींचा हिशेब तरी कुठे सरळ आहे? माझी पद्धत सांगतो. कार्ड नसतं तर ज्या गोष्टीला मी खिशातून पैसे दिले असते, तेवढीच जमेत धरायची. लाउंजचा दारावरचा दर पत्रकात छापतात आणि गुणिले भेटी करून भलता आकडा दाखवतात. तो दर मी एरवी कधी दिला असता का? नाही. मग फायदा तेवढा नाही. शिवाय हल्ली लाउंजच्या दाराशीच रांग. पाहुण्याचे वेगळे पैसे, अमुक खर्च केला तरच प्रवेश, असल्या अटी दरसाल वाढतायत.

पॉइंटांचंही तेच. कार्यक्रम चालवणारा एका सकाळी तक्ता बदलतो आणि काल ज्यात जाऊन-येऊन तिकीट बसत होतं, त्यात आज जायचंच बसतं. साठवून ठेवायची वस्तू नाही ती.

त्यातल्या त्यात रोकडा फायदा परकीय चलनावरच्या मार्कअपचा, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक लावते त्या जादा आकाराचा. साध्या कार्डावर तो ३ टक्क्यांच्या आसपास जातो, चांगल्या प्रवासी कार्डावर कमी किंवा शून्य. बाहेर खर्च भरपूर असेल तर हीच एक ओळ फी भरून काढेल. फक्त मशीनवर "तुमच्या चलनात भरू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनातच भरा. नाहीतर दुकानदाराच्या बाजूचा फुगवलेला दर लागतो आणि शून्य मार्कअपला अर्थ राहत नाही.

खिडकीपाशी
हिशेबनीस, तुमच्या वहीत म्हाताऱ्या माणसांचा रकाना आहे का? सासूबाईंचे गुडघे गेलेत. मध्ये सात तासांचा थांबा असताना त्यांना टेकायला खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह मिळतं, यासाठी मी आनंदाने फी भरते. दारावरचा दर मी एरवी दिला नसता हे खरं, कारण मी एरवी त्यांना नेलंच नसतं.

आता तळटीप यांना. "विमा वेगळा काढा" म्हणणं सोपं आहे. वेगळी पॉलिसी तरी काय सगळं देते? बीपी, साखर, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं 'आधीपासूनचा आजार' म्हणून बाहेर. आणि २०२० ची आठवण आहे ना? ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि वेगळे हप्ते भरलेल्यांपैकीही किती जणांना "साथरोग वगळलेला आहे", "भीतीपोटी रद्द केलेला प्रवास बसत नाही" अशी उत्तरं आली. हप्ता भरला म्हणून संरक्षण मिळालं असं नसतं.

तळटीप
खिडकीपाशी, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. वेगळी पॉलिसी काढताना मी आजार जाहीर करू शकतो, जादा हप्ता भरून तो आत घेणारी कंपनी शोधू शकतो, रक्कम ठरवू शकतो. कार्डाच्या विम्यात मला कोणी विचारतच नाही. तो करार बँक आणि विमा कंपनी यांच्यातला. मी फक्त यादीतलं एक नाव. फी जानेवारीत भरा, जूनमध्ये एक मेल येतो की अमुक लाभ बंद. ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी तर पत्रकातली वयाची अट आधी बघा. सासूबाईंना लाउंज मिळेल, विमा मिळेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र मी कार्डाच्या बाजूने बोलेन, आणि तिचा विम्याशी काही संबंध नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली, तशी कंपनी प्रवासाआधीच बुडाली तर "सेवा मिळाली नाही" म्हणून चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. पण तो साध्या कार्डावरही मिळतो. त्यासाठी प्रीमियमची फी भरायची गरज नाही.

उडाणटप्पू
म्हणजे शेवटी कार्डाला काहीच श्रेय द्यायचं नाही! तुम्ही वर्षातून एकदा जाणाऱ्यासाठी बोलताय, राव. महिन्यातून दोनदा उडणाऱ्याने दर वेळी नवी पॉलिसी काढत बसायचं का?

तळटीप
वार्षिक, अनेक प्रवासांची पॉलिसी मिळते. एकेका प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, तेवढी बघून घ्यायची.

शंकासुर
तिकीट पॉइंटांवर काढलं तर कार्डाचा विमा लागू होतो का? आणि बायको वेगळ्या तारखेला येणार असेल तर?

दावेदार
पॉइंटांच्या तिकिटाला काही कार्डांत त्याच कार्यक्रमाचे पॉइंट असले तर चालतं, काहींत वरचा कर कार्डाने भरला की पुरतं, काहींत संपूर्ण भाडं कार्डावरच लागतं. बायकोचंही तसंच. कुठे जोडीदार एकटा प्रवास करत असला तरी चालतो, कुठे मूळ कार्डधारक सोबत लागतो. पुरवणी कार्डाच्या अटी पुन्हा निराळ्या. फोनवर विचारू नका. मेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

शंकासुर
केला मेल. "कृपया पत्रकातील अटी पाहाव्यात" असं उत्तर आलंय.

खिडकीपाशी
😂 पत्रक टाका इथे, दावेदार वाचून सांगतील.