साडीच्या दुकानासाठी व्हर्च्युअल असिस्टंट ठेवायचाय, आधी काय तयारी करू?

शहापूर_साडीवाली
नमस्कार मंडळी. आमचं बेळगावच्या शहापुरात साडीचं लहान दुकान आहे, मी आणि आमचे हे दोघंच बघतो, काउंटरला एक मुलगी असते. दिवाळीपासून व्हॉट्सॲप आणि इन्स्टावरनं ऑर्डरी वाढल्यात, कोल्हापूर, गडहिंग्लज, गोवा, इकडं हुबळी-धारवाड पण. दिवसभर गिऱ्हाईक बघायचं आणि रात्री जेवणं झाल्यावर मेसेज घेऊन बसायचं असं चाललंय. एक कन्नडमध्ये विचारते रेट एष्टु री (किती हो), दुसरी विचारते फॉल-पिको करून देता काय, तिसरी चार दिवसांपूर्वीच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट टाकून हीच पायजे म्हणते आणि ती साडी कवाच गेलेली असते. भाऊ म्हणतो व्हीए म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट ठेव, घरी बसून काम करतात, पार्टटाइम मिळेल. माणूस शोधायच्या आधी मी काय तयार ठेवू? पासवर्ड द्यायचे काय? आणि मराठी कन्नड दोन्ही येणारं कोणी मिळतं काय?

उद्यमबाग_मशीनशॉप
ताई, आमचा धंदा वेगळा, सुट्टे पार्ट बनवतो, पण कोटेशन आणि फॉलोअपला एक बाई घरून काम करतात म्हणून सांगतो. माणूस नंतर शोधा, आधी आठवडाभर वही ठेवा, कोणता मेसेज आला, तुम्ही काय उत्तर दिलं, कुठं मालकांना विचारावं लागलं, सगळं लिहा. तेच तेच प्रश्न किती येतात ते बघून तुमचं तुम्हालाच हसू येईल. रेट, फॉल-पिकोचे पैसे, कुरिअरला किती दिवस, बदलून देता काय, ह्याची उत्तरं एकदा मराठी आणि कन्नडमध्ये लिहून व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये टाका, 50 पर्यंत बसतात. ह्यानंच निम्मा ताप कमी होईल, मग उरलेल्या कामाला पार्टटाइम तरी लागतो काय ते बघा.

पण तुमची खरी अडचण मेसेज नाही, स्टॉक आहे. तुमच्याकडं एका डिझाइनची एकच साडी असणार. घरी बसलेल्या माणसाला कपाटात काय शिल्लक आहे ते कसं कळणार ओ? तो हो आहे म्हणून पैसे घेणार आणि तिकडं काउंटरवर तीच साडी पाच मिनिटांपूर्वी गेलेली असणार. हे आधी सोडवा, नाहीतर व्हीए ठेवून भांडणंच वाढतील.

शहापूर_साडीवाली
अगदी हेच ओ. स्टॉक ह्यांच्या डोक्यात असतो, कुठली साडी कुठल्या फडताळात ते झोपेत पण सांगतील, पण लिहिलेलं काहीच नाही.

निपाणीची_व्हीए
ताई मी हेच काम करते, दोन दुकानांचं बघते, त्यातलं एक कपड्याचंच. आमच्याकडं अशी पद्धत आहे: प्रत्येक साडीला नंबर, टॅगचा अर्धा भाग फाडता येतो असा. काउंटरला साडी गेली की तो तुकडा डब्यात, आणि काउंटरची मुलगी मोकळी झाली की गुगल शीटमध्ये तेवढे नंबर लाल करते. मी शीट बघून सुद्धा गिऱ्हाइकाला लगेच हो म्हणत नाही, "बघून सांगते" म्हणते, दुकानाच्या ग्रुपवर नंबर टाकते, तिकडनं साडी बाजूला काढून ठेवली असा फोटो आला की मगच पैसे मागते. अर्धा तास ठेवतो, पैसे आले नाहीत तर परत कपाटात. शीटमध्ये खरेदीचा दर ठेवू नका, ती शीट वेगळी, मला पण दिसायची गरज नाही. पण घासाघीस झाली तर किती सोडायचं ते मात्र आधी सांगून ठेवा, दरवेळी फोन करून विचारायला लागलं तर गिऱ्हाईक थांबत नाही.

कन्नडचं म्हणाल तर निपाणी, चिकोडी, खानापूर ह्या भागात दोन्ही भाषा येणाऱ्या मुली भरपूर आहेत, पण बोलता येणं वेगळं आणि टाइप करता येणं वेगळं. मुलाखतीत गप्पा मारत बसू नका, तुमच्याकडं आलेले खरे दहा मेसेज नाव नंबर झाकून द्या आणि म्हणा उत्तरं लिहून दाखव. त्यात एक चिडलेल्या गिऱ्हाइकाचा पण घाला. आणि प्लीज, आठवडाभर ट्रायल घ्यायची असेल तर त्याचे पैसे द्या. फुकट ट्रायल मागणारे बरेच भेटतात, चांगली मुलगी तिथंच नाही म्हणते. कामाची वेळ पण ठरवा, संध्याकाळी 5 ते 9 म्हणजे 9 ला संपलं, साडेदहाला "एवढंच बघ ग" नको.

टिळकवाडी_हिशेब
पासवर्डचं मी सांगतो, अकाउंट्सच्या लाईनमध्ये आहे. व्हॉट्सॲपला पासवर्ड लागतच नाही, मुख्य फोन दुकानातच राहूदे, त्याला चार डिव्हाइस जोडता येतात, त्यातलं एक त्यांचं. काम सोडलं की लिंक्ड डिव्हाइसमधनं लॉगआउट करायचं, झालं. इन्स्टाचा पासवर्ड पण देऊ नका, मेटा बिझनेस सूटमधनं त्यांच्या स्वतःच्या अकाउंटला मेसेजपुरता ॲक्सेस देता येतो. बँक, यूपीआय, जीएसटी पोर्टल ह्यांना हात लावू द्यायचा नाही, आणि ओटीपी कोणी कितीही गडबडीत मागितला तरी सांगायचा नाही, माणूस कितीही विश्वासाचा असूदे.

पैसे आले काय हे मात्र दुकानातनंच बघायचं. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खोटा स्क्रीनशॉट बनवणं आता पोरखेळ झालाय. बँकेत जमा दिसलं की तुम्ही ग्रुपवर "आले" लिहा, मगच पार्सल.

अजून एक, आपल्या भागात हे हमखास चुकतं. बिलाचा तपशील व्हीए भरणार असेल तर पत्ता कुठल्या राज्यातला ते त्याला कळायला पाहिजे. साडीला 5 टक्के जीएसटी, हुबळीला पाठवली तर अडीच सीजीएसटी (केंद्राचा) अडीच एसजीएसटी (राज्याचा), पण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात पाठवली तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात विकल्यावरचा). तिथली हद्दीवरची शिनोळी आपल्याला घरासारखी, पण बिलाला ते परराज्य. पत्ता मराठीत असला म्हणून महाराष्ट्र धरू नका, निपाणीचा पण मराठीतच येतो. पिनकोड बघायला शिकवा, 590-591 म्हणजे आपला जिल्हा, 416 म्हणजे तिकडं महाराष्ट्रात. व्यापारी गिऱ्हाईक असेल तर जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे, 29 कर्नाटक, 27 महाराष्ट्र, 30 गोवा. तुमचे सीए महिन्याच्या 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरणार, तेव्हा हे निस्तरत बसायला कोणाला वेळ नसतो.

खडेबाजार_काका
एवढं सगळं करण्यापेक्षा काउंटरच्या पोरीलाच दोन हजार वाढवून द्या की. तिला साड्या माहीत, गिऱ्हाईक माहीत. हे व्हीए बीए मोठ्या कंपन्यांचं खूळ.

उद्यमबाग_मशीनशॉप
काका, लग्नसराईत ती पोरगी साड्या उलगडून दाखवू काय फोन बघू? एका हातानं दोन्ही होत असतं तर ताईंनी इथं विचारलंच नसतं.

खडेबाजार_काका
मग सीझनपुरतं ठेवा म्हणा. आषाढात काय काम देणार हाय त्या व्हीएला? महिन्याचा पगार चालूच.

निपाणीची_व्हीए
काकांचं हे मात्र बरोबर आहे. म्हणून ताशी ठरवा किंवा कमीत कमी तासांचं बोला, सीझनला वाढवायचे. मंदीच्या महिन्यात फोटो आणि कॅटलॉगचं काम देता येतं, जुन्या गिऱ्हाइकांची यादी नीट करून घेता येते. फक्त हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या, दोघांनाही बरं.

शहापूर_साडीवाली
सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं, टॅगचं पटलं, "शीट बीट तूच बघ" म्हणाले. आता सोमवारपासनं वही चालू करते आणि नवीन माल येईल त्याला नंबर लावते, जुना माल सेलमध्ये काढायचा विचार आहे म्हणजे त्याला टॅग लावत बसायला नको. निपाणीच्या ताई, तुमच्याकडं तिसऱ्या दुकानाला वेळ आहे काय? मेसेज केलाय बघा.