बेकारीत गल्ली एक होते की फुटते? (शहापूर-वडगाव मागवाले, मदत निधीबद्दल)

खटका_धोटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गणेश मंडळात एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात माग थांबले की घरातले दोन्ही हात रिकामे होतात, कारण माग चालवणारा आणि सुताच्या कांड्या भरणारी एकाच घरातली. काही ज्येष्ठ म्हणतात, "हातात पैसा नसतो तेव्हाच माणूस माणसाला धरून राहतो. पैसा आला की दारं बंद होतात." दुसरे म्हणतात, रिकाम्या चुलीपुढे कुणी कुणाचा नसतो.

मंडळाकडे वर्गणीतले ४०,००० रुपये शिल्लक आहेत आणि त्यातून मदत निधी काढायचा आहे. अडचणीत माणसं आपोआप जवळ येत असतील तर पेटी ठेवली की झालं. येत नसतील तर नियम लागतील. नेमकं काय होतं, ते जाणकारांनी सांगावं.

घटप्रभाकाठ

दादा, तुमच्या ज्येष्ठांनी संकट आणि बेकारी एकाच पोत्यात भरलंय. दोन्हीचा स्वभाव वेगळा.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम चढल्या. पाणी घर बघून शिरलं नाही, म्हणून पहिले आठ-दहा दिवस माणसंही घर बघून वागली नाहीत. सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला सरसकट १०,००० रुपये दिले तोवरही फारसं बिनसलं नाही. मग पडलेल्या घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली, पूर्ण पडलेल्याला ५ लाख. कुणाची भिंत कुठल्या वर्गात बसली यावरून गावोगावी तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यांवर सारखी आणि थोड्या दिवसांची आपत्ती आली तर माणसं जवळ येतात. तीच लांबली आणि मदतीची चाळण लागली की शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागतो.

बेकारी तर लांबणारीच. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं, एका कापडगिरणीवर जगणारं. मंदीत ती बंद पडली आणि १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल यांच्या गटाने तिथे पाहणी केली. आपल्या वडगावने वाचावी अशीच ती आहे. माणसांना वेळच वेळ होता, वाचनालयाची फी माफ केली होती, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. मंडळं, सभा ओस पडल्या. संशोधकांनी हातात घड्याळ घेऊन बघितलं, तर पुरुषांची चालही मंदावलेली आणि रस्त्यात ते पुन्हा पुन्हा थांबणारे. सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे, 'अमका भत्ता घेतो आणि चोरून कामही करतो' अशा शेजाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी वाढल्या, आणि त्यातल्या बहुतेक खोट्या निघाल्या.

असं का होतं, ते आपल्याकडेही दिसतं. आपली माणुसकी फेडीवर चालते. कन्नडमध्ये तिला मुय्यी म्हणतात, आपण आहेराच्या वहीत लिहून ठेवतो. माग तीन महिने बंद राहिला की त्या घरातली बाई हळदीकुंकवाला जायचं सोडते. वाण घेतलं तर उद्या आपल्यालाही लुटावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक असतं. बारसं, वास्तुशांत, एकेक सुटत जातं. बाहेरच्याला वाटतं, ती माणसं एकलकोंडी झाली. खरं तर त्यांना रिकाम्या हाताने जायची लाज वाटते. म्हणून नुसती पेटी ठेवू नका. ज्याला खरी गरज आहे तो त्या पेटीजवळ कधीच येणार नाही.

हिशेबवही

वर लिहिलंय ते बरोबर. मी पैशाचं बोलते.

मागवाल्यांची भिशी का बुडते ते आकड्यात बघा. एकाच गल्लीतले १२ जण, महिना १,००० रुपये. तीन महिने सुरळीत, तिघांनी १२,००० उचलले. चौथ्या महिन्यात सूत महागलं, व्यापाऱ्याने साड्या उचलणं थांबवलं, माग बंद. त्या तिघांनी प्रत्येकी ३,००० भरलेत आणि ९,००० देणं आहे, म्हणजे एकूण २७,०००. उरलेल्या नऊ जणांनी भरलेले ३,००० प्रमाणे २७,००० नेमके त्या तीन घरांत अडकले. तिघांची नियत साफ असली तरी माग बाराही जणांचे बंद. इथून जे भांडण उठतं ते माग चालू झाल्यावरही मिटत नाही. सगळे सारखेच गरीब असले म्हणून गट मजबूत होत नाही, एका दिवशी सगळे एकत्र बुडतात एवढंच.

म्हणून १२ मध्ये मागवाले चारांपेक्षा जास्त नकोत. बाकी उद्यमबागेतला फौंड्री कामगार, बाजारातला हमाल, भाजीवाली, शाळेतला शिपाई असे घ्या. मंदी त्यांनाही येते, पण त्याच महिन्यात येत नाही. पहिल्या पाळ्या ठरलेल्या पगारवाल्यांना. अडलेल्याला आधी हवी असेल तर दोन पगारवाल्यांनी जामीन राहायचं. प्रत्येक उचलीतून ५०० रुपये मागे ठेवा, शेवटी परत. आणि भिशीची तारीख सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून बाईला मिळणाऱ्या २,००० वर बांधू नका. ते पैसे कधी कधी दोन-दोन महिने मागेपुढे होतात, आणि मग बाईला शब्द पाळता येत नाही.

मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाला मात्र कृपा करून एकी समजू नका. तिथे एका बाईला हप्ता जमला नाही की बाकीच्या बायका तिच्या दारात बसतात. कंपनीचं वसुलीचं काम शेजारणी फुकट करतात आणि वीस वर्षांची मैत्री दोन हप्त्यांत जाते. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात असू द्या: सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत आणि सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकात २०२५ मध्ये कायदाही आलाय.

खटका_धोटा

ताई, आकडे डोळे उघडणारे आहेत. पण बाहेरचे घेतले तर 'आपल्या लोकांचं' राहत नाही असं म्हणणारे निघतील. शिवाय गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही घरं आहेत.

खानापूरमाळ

नियमांचा कागद दोन्ही भाषांत काढा, म्हणजे तो प्रश्न पहिल्याच दिवशी मिटेल. व्यापाऱ्याकडे थकलेली मजुरी कुणाची भाषा बघून थकत नाही.

'आपले लोक' याबद्दल खेड्यातलं उदाहरण देतो. खानापूर भागात भाताची रोप लावण पैऱ्याने होते. आज तुझ्या चिखलात, उद्या माझ्या. लोक याला गरिबीतली एकी समजतात. पण पैरा टिकतो तो लावणीचे दिवस मोजके असतात म्हणून, आणि दोघांकडे शेत असतं म्हणून. ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्याचा पैरा फेडणार कशावर? तो मजुरीवरच जातो. गावातला सगळ्यात गरीब माणूस या एकीच्या बाहेरच असतो. आणि तरणी पोरं कामाला गोव्याला गेली की उरलेल्यांचाही पैरा मोडतो, दिवस फेडायला माणूसच राहत नाही.

निपाणीचंही तसंच. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबारात माणसं गेली. गरिबी त्याआधीही होती. ते एकत्र आले ते भावाच्या एका मागणीवर, कारण सगळ्यांना अडवणारा व्यापारी समोर दिसत होता.

आता तुमचे ४०,०००. त्यातले १०,००० औषधं आणि शाळेच्या फीसाठी, परत न घेण्याचे. ते घरात न देता थेट मेडिकलवाल्याला, शाळेला भरा आणि मंडळात नाव वाचू नका. उरलेल्या ३०,००० चे दहा घरांना ३,००० प्रमाणे, बिनव्याजी. फेड ३०० चे दहा हप्ते, पण तारखेवर नव्हे. माग सुरू होऊन पहिला बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) विणून उतरला की पुढच्या महिन्यापासून. तारीख लावलीत तर तो हप्ता सावकाराकडून आणून भरेल.

ज्याला रोख जमत नाही त्याने कामाने फेडावं. आजारी घरातल्या कांड्या भरून द्याव्यात, मंडपाचं काम करावं, एका दिवसाला एक हप्ता धरा. आणि वहीवर 'उचल' लिहू नका, मागवाल्याला त्या शब्दाने मालकाची बाकी आठवते. 'मदत'ही नको. 'पैरा' लिहा.