शाळेतली शिवी आणि तिची शिक्षा : आपले अनुभव लिहावेत

एक आई, डोंबिवली

माझा मुलगा सहावीत आहे. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत खेळताना चेंडू गुडघ्यावर बसला आणि त्याच्या तोंडून भ-काराने सुरू होणारी शिवी निघाली. नेमक्या त्याच वेळी पर्यवेक्षिका शेजारून चालल्या होत्या. त्याला तीन दिवस वर्गाबाहेर बाकावर बसवण्यात आले, डायरीत लाल शाईने शेरा आला आणि स्नेहसंमेलनातल्या नाचातून त्याचे नाव कापले गेले. शिवी देणे चूकच होते आणि घरीही मी त्याला त्याबद्दल बोलले. परंतु त्याच्याच वर्गातल्या एका मुलीला तिच्या रंगावरून जूनपासून रोज 'तवा' अशी हाक मारली जाते, आणि तिच्या आईने दोनदा तक्रार केल्यावर मिळालेले उत्तर असे होते की मुले आहेत, चालायचेच, शिवाय हा काही अपशब्द नव्हे. शब्दकोशाच्या दृष्टीने ते खरेही आहे. शिक्षा ठरवताना शाळा शब्द कोणता ते पाहते, तो कोणावर आणि कितव्यांदा फेकला गेला हे पाहत नाही, असे मला वाटू लागले आहे. आपल्या शाळेत किंवा आपल्या मुलांच्या शाळेत शिवीला कोणती शिक्षा झाली आणि ती चुकीच्या मानाने बेताची होती का, हे कृपया लिहावे.

माजी विद्यार्थी, पुणे

आठवीत मला 'मी अपशब्द उच्चारणार नाही' हे वाक्य पाचशे वेळा लिहायला सांगितले होते. मी प्रथम पानभर नुसते 'मी' लिहिले, मग त्याशेजारी खालपर्यंत 'अपशब्द', मग 'उच्चारणार', आणि 'नाही' चा रकाना धाकट्या बहिणीला एका पेप्सीकोल्याच्या बोलीवर दिला. सरांनी वही न मोजता सही केली.

माजी विद्यार्थिनी, नाशिक

आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीत बोलल्यास पाच रुपये दंड होता आणि शिवी दिल्यासही पाचच रुपये. दोन्ही गुन्हे एकाच वाक्यात केले तरी दंड पाचच्या वर जात नसे, त्यामुळे मुलांनी कोणता हिशेब केला असेल हे सांगायला नको.

जिल्हा परिषद शिक्षिका

पहिला अनुभव वाचून माझ्या शाळेतली एक घटना लिहावीशी वाटली. आठवीतला, शिष्यवृत्तीच्या तयारीत असलेला आणि वर्गाचा मॉनिटर असलेला एक मुलगा पाण्याच्या टाकीवरच्या रांगेत पुढच्या मुलाला त्याच्या नावाऐवजी जातीच्या नावाने 'सरक' म्हणाला. आवाज चढलेला नव्हता आणि शिवीही नव्हती. ज्याला म्हटले तो पाणी न पिता वर्गात परतला आणि दुसऱ्या दिवसापासून घरून बाटली आणू लागला. आठवड्याने त्या बाटलीवरूनच मी त्याला विचारले, तेव्हा हा प्रकार कळला.

शिक्षक-खोलीत दोन टोके निघाली. एकाचे म्हणणे, दाखला हातात द्या. दुसऱ्याचे, यात शिवी कुठे आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ प्रमाणे मारणे किंवा मानसिक छळ करणे हेही चालत नाही, हे मी दोघांनाही दाखवले. पण काय करता येत नाही ते कायद्यात सापडते, काय करावे ते आपल्यालाच ठरवावे लागते. मुख्याध्यापकांचा विचार परिपाठाला सर्वांसमोर माफी मागायला लावण्याचा होता. मी आधी त्या दुसऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांसमोर नको. परत तेच नाव निघेल." म्हणून माफी मुख्याध्यापकांच्या खोलीत, चौघांतच झाली, मॉनिटरपद काढून घेतले आणि वडिलांना बोलावले. दुकान बंद करून आलेले वडील त्या जातीचे नाव घेऊनच म्हणाले, की त्यांच्या एवढ्याशा कुरकुरीसाठी मला बोलावले? मुलाने हे कुठून उचलले, ते मग विचारावे लागले नाही. पाण्याची बाटली मात्र दुसऱ्या मुलाने वर्ष संपेपर्यंत आणली.

निवृत्त बँक कर्मचारी, मूळ गाव कागल तालुका

१९८४ साली वडिलांची बदली झाल्यामुळे मी कोल्हापूरकडच्या खेड्यातून मुंबईच्या शाळेत पाचवीत आलो. आमच्याकडे 'रांडेच्या' हा शब्द जिवलगाच्या पाठीवर थाप मारावी तसा वापरतात. पहिल्याच आठवड्यात बाकावरच्या मित्राला मी तसे म्हणालो आणि हातावर सहा छड्या बसल्या. का बसल्या ते कोणी सांगितले नाही, म्हणून मुंबईत मित्राशी प्रेमाने बोलणे मना असावे अशी मी समजूत करून घेतली. महिनाभराने पुन्हा तोच शब्द निघाला, तेव्हा मराठीच्या बाईंनी छडी न घेता मला जवळ बोलावून हळू आवाजात त्याचा अर्थ सांगितला. आमच्या घरात माझी विधवा आत्या राहत होती. तो शब्द तिलाही लागतो हे कळल्यावर मला तो उच्चारणेच जमेना. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो, तर आत्याने दारातच "आलास व्हय रं रांडेच्या," म्हणत माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.